पुरे म्हणणारे सर

आमच्या शेजारच्या सरांइतका झटपट निर्णय घेणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात झाला नसेल. कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत, मी मराठी. पहिल्याच तासाला ते वर्गाला सांगत, "पुस्तकातला माणूस सारे पर्याय तोलते अन् सर्वांत चांगला उचलते. असा माणूस मले तं अजून भेटला नाही बाप्पा. आपल्या डोक्यात तेवढी जागा नाही, हाताशी तेवढा वेळ नाही. म्हणून बरं दिसलं का पुरे म्हणाव." इतर प्राध्यापकांसारखं नुसतं शिकवून ते थांबत नसत, पाळतही. बाजारात पहिल्याच पाटीपाशी त्यांची पिशवी भरे. दिवाळीला दुकानदारानं गठ्ठा सोडायच्या आत वरची साडी घेऊन येत. ती बदलायला वहिनी मागाहून जात. बदललेली साडी नेसून त्या आल्या की सर खुशीत म्हणत, "पाह्य, माही पसंत कशी खुलते तुले!" लग्नासाठीही त्यांनी एकच मुलगी पाहिली होती. दुसरी का नाही पाहिली, असं विचारलं तर म्हणत, "दुसरीनंतर तिसरीबी दिसली असती. थांबाव कुठी?" तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज येई, "मीबी एकच पाह्यला, तेच चुकलं!" मग दोघंही बराच वेळ हसत.

एका उन्हाळ्यात वहिनींचं पोट दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी पित्त सांगून औषध दिलं. दुखणं जरा कमी झालं, आणि सरांना तेवढं पुरेसं वाटलं. आम्हा शेजाऱ्यांनाही वाटलं. दसऱ्यानंतर नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं आणि उशीर झाल्याचं सांगितलं. संक्रांत काही वहिनींना दिसली नाही. तेराव्याला त्यांचा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊजी, दुसऱ्या डॉक्टरले काहून नाही दाखवलं?" वर्गात कुठल्याच प्रश्नाला न अडणारे सर तांब्या उचलून पंगतीला पाणी वाढू लागले.

पुढे एका दुपारी आम्ही वैनगंगेच्या घाटावर बसलो होतो. मी धीर करून म्हटलं, "सर, तेव्हा जेवढं दिसत होतं त्यावरूनच तुम्ही ठरवलंत. आज कळलेलं तेव्हा कुठून आणणार होता?"

"हौ," ते म्हणाले. "हे तं मीच शिकवतो. कोणी पेपरात लिहिलं तं पूर्ण मार्क देईन." मग पुढं म्हणाले, "खोटं नाही ते. पन तिचं पोट दुखत होतं तवा मी काही शास्त्र पाह्यलं नोहतं. मले फक्त पुरे म्हणायची सवय होती."

ऊन उतरलं. पलीकडच्या काठावरच्या बाया वाळलेली लुगडी गोळा करू लागल्या. मी 'चला' म्हटलं नाही. सर उठतील तेव्हा उठू, म्हणून त्यांच्याशेजारी बसून राहिलो.