उशी उसवण्याआधी

पिंजाऱ्याच्या खाटेवर मी उताणी पडले होते आणि मला श्वास येईना. वर कापूस तरंगत होता. मी पाण्याच्या तळाशी पडून तो बघतेय असं वाटलं. भीतीसुद्धा वाटली नाही.

मान दुखते तर बिनउशीची झोप, असं शेजारीण म्हणाली, म्हणून मी उशी उसवायला पिंप्राळ्यात त्याच्याकडे नेली होती. त्याच्या भुवयांवर कायम कापूस असतो. उशी भरायची असो की उसवायची, तो आधी गिऱ्हाइकाला निजवतो आणि मानेखाली मूठ घालून माप घेतो.

"मुडदा मोजतोस का रे?" मी म्हटलं होतं.

"अक्का, मुडद्याला उशी लागत नाही."

मूठ घालता घालता त्याने माझ्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि थांबला. कुणाच्या लग्नाच्या गादीसाठी पिंजलेला बठ्ठा, होता नव्हता तेवढा कापूस त्याने माझ्या पाठीमागे लोटला, मला बसती केली आणि रस्त्यातली रिक्षा अडवली. रिक्षात माझी उशीही ठेवली, न उसवता.

छातीत पाणी झालं होतं. सपाट झोपायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आता मी दोन उशा घेऊन झोपते, आणि जिवंत आहे.