तिच्या सिनेमांची सतरा पानं

उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं मी साहेबांची पत्रं दुरुस्त केली. निवृत्त झालो आणि हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या मराठी मंडळानं मला वार्षिक अंकाचा संपादक केलं. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

त्या वर्षी बायकोनं पहिल्यांदाच लेख लिहिला, हॉलिवूडच्या एका जुन्या नटीवर. तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दुपारभर मोबाइलवर त्या नटीचे सिनेमे बघायची. इंग्रजी तिला निम्मं कळायचं, चेहरा मात्र पुरता कळायचा. वहीची बावीस पानं भरली. भूमिका नाकारली म्हणून स्टुडिओनं नटीला घरी कसं बसवलं, चाळिशीनंतर बरोबरीच्याच नटांच्या आईची कामं कशी दिली, सगळं त्यात होतं. एका सिनेमात नटीला नवरा गेल्याची तार येते. ती तार घडी करून बशीखाली ठेवते आणि पाहुण्यांना विचारते, साखर किती? त्यावरच तीन पानं होती.

मला हसू आलं. एवढं कोण वाचणार? लोकांना मसाला हवा. नटीच्या चार लग्नांची पाच पानं तेवढी ठेवली, वर 'चार नवऱ्यांची नायिका' असा मथळा ठोकला आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या प्रेसमध्ये देऊन आलो. उरलेली सतरा पानं रद्दीत घातली. बायकोला विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही, याची आज लाज वाटते.

अंक तिनं उभ्यानंच वाचला.

"हे तं तिच्या नवऱ्याइचंच आहे. तिनं काम काय केलं, ते कुठी गेलं?"

"जागा नव्हती," मी म्हणालो. धडधडीत खोटं. माझं संपादकीयच चार पानांचं होतं.

मुलगी म्हणाली, "मम्मी, आप तो फेमस हो गईं!" त्या दिवसापासून बायकोनं सिनेमे बघणं बंद केलं.

परवा मी एकटाच तो सिनेमा लावून बसलो. तार आली, तिची घडी झाली. साखर किती, असं तिनं विचारलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तसाच स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी निवडत होती.

"तू बरोबर लिहिलं होतं. यंदा अख्खा लेख छापतो. कॉपी दे."

कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा उजळला.

"कॉपी कायची? एकच होती, तुमच्याच हाती देली होती न मी. कपाटात असन, पाहा बरं."

मी गेलो, कपाट उघडलं आणि शोधायला लागलो.