श्पायरच्या यादीतली नववी ओळ

जर्मनीतलं श्पायर मी अजून पाहिलेलं नाही. पण २००५ साली जर्सी सिटीत बसून मला तिथली वाट तोंडपाठ होती. वेशीच्या उंच मनोऱ्यापासून सरळ रस्ता कॅथीड्रलच्या दारात जातो. कॅथीड्रलच्या तळघरात जुने सम्राट पुरलेले आहेत. जवळच्या गल्लीत ज्यूंचं जमिनीखालचं स्नानकुंड, जवळजवळ नऊशे वर्षांचं. फ्रेंच फौजेने गाव जाळलं, त्यातून काय वाचलं तेही मी वेगळ्या पानावर लिहिलं होतं.

बेत दोघींचा होता. मैत्रीण आमच्याच इमारतीत राहायची. दर शनिवारी लॉन्ड्रीत कपडे वाळेपर्यंत ती लायब्ररीतलं पुस्तक वाचून दाखवायची आणि मी यादी करायचे. दोघींच्याही व्हिसाची मुदत संपत आलेली. देशाबाहेर पडलो तर परत येता येईल याची खात्री नव्हती. म्हणून ठरलं, दोघींची ग्रीन कार्डं आली की पुण्याला जाताना फ्रँकफर्टला उतरायचं आणि दोन दिवस श्पायर. "एकटीने जायचं नाही हं," हे तिचंच वाक्य.

मे महिन्यात तिने माझी श्पायरच्या यादीची फाईल मागून नेली, नवऱ्याला वाचायचीय म्हणून. जूनमध्ये ती बहिणीकडे टेक्सासला गेली, असं मला सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतच पिस्कॅटवेला राहणाऱ्या तिच्या नणंदेने आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर नणंद कौतुकाने कॅमेरा टीव्हीला जोडायला लागली. "राहू दे गं आता," मैत्रीण दोनदा म्हणाली. पहिला फोटो मनोऱ्याचा आला. दुसरा रस्त्याचा. सगळे माझ्या यादीच्या क्रमाने.

"हा कॅथीड्रलसमोरचा दगडी वाडगा," नणंद मला सांगत होती. "नवा बिशप आला की गावासाठी यात वाइन ओतायचे. आणि ही शहर आणि बिशपच्या जागेमधली हद्द. गुन्हेगार याच्या पलीकडे गेला की शहराचे शिपाई त्याला हात लावू शकत नसत."

शब्द माझे होते. फोटोत वाडग्यापाशी नणंद आणि मैत्रीण गळ्यात हात घालून उभ्या होत्या.

"कार्ड कधी आलं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"मार्चमध्ये."

"पेढे?"

"अगं, तुला वाईट वाटलं असतं."

"आणि हे बघून बरं वाटेल, असं वाटलं?"

"तुझं कधी येणार कोण सांगणार, यार? किती वर्षं थांबायचं मी?"

नणंदेने टीव्ही बंद केला. "वहिनी, तुम्ही यांना सांगितलंच नव्हतं?"

निघताना मी फाईल मागितली. मैत्रिणीने ती गाडीतून आणून दिली. पानं नीट क्रमाने लावलेली, झालेल्या प्रत्येक कामापुढे टिक. ही सवय तिला मीच लावली होती. नवव्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलं होतं: वाडग्यापाशी दोघींचा फोटो. त्यापुढेही टिक होती.

त्या आठवड्यापासून मी कपडे मंगळवारी धुवायला लागले.