उंबऱ्याबाहेरचे अकरा जोड

शुक्रवारी दुपारी, आखातातल्या सीब शहरातल्या आमच्या घरात, लेकीने एक जर्मन सिनेमा लावला. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमधलं एक कुटुंब, सरकारने आपल्यावर ठेवलेली फाइल वाचत बसतं. शेजाऱ्याने धाकटीला विचारलेलं असतं, काल टेबलावर कप किती होते? तिने सांगितलेलं असतं, सात. आता घरात भांडण, सातवा कोण?

"आई, कसलं फनी आहे ना," लेक म्हणाली. माझ्या हातातला खजूर हातातच राहिला.

आणीबाणीत मी सहा वर्षांची होते. नाशिकच्या घरी अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, माणसं जमायची आणि मी उंबऱ्यावर बसून बाहेरच्या चपला मोजायची. त्या घामट चामड्याचा वास अजून आठवतो. एकदा शेजारच्या काकांनी मला लिमलेटची गोळी दिली.

"आज किती पाहुणे गं?"

"अकरा जोड," मी ऐटीत सांगितलं.

दोन दिवसांनी अण्णांना पोलिसांनी नेलं. ते चौदा महिन्यांनी परतले. इतकी वर्षं मला त्यातली फक्त गोळी आठवत होती.

सिनेमा तसाच सोडून मी अण्णांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"चौकशीत पोलीस साहेब सारखे विचारायचे, ते अकरा जण कोण? आम्ही तर बारा होतो. एकाची चप्पल तुटली म्हणून तो अनवाणी आला होता. तेव्हाच कळलं मला, कोणी मोजलं ते."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मोजलं तर बरोबर होतंस."