पाणचक्की पुढच्या वेळी

औरंगाबाद पूर्ण पाहिलेला एकही पाहुणा आमच्या नात्यागोत्यात सापडणार नाही, आणि याला जबाबदार एकच माणूस आहे: माझ्या बायकोचे मामा. शनिवारी सकाळी यायचं आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं जायचं, अशा दोन दिवसांच्या पाहुण्यांचा त्यांनी जन्मभर ताबा घेतला. पाहुणा आमचा असो, शेजाऱ्यांचा असो, नाहीतर कारखान्यातल्या साहेबांचा. स्टँडवर उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत तो मामांचा. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की, अजिंठा, गुलमंडीवरची भजी, मटणाच्या झणझणीत रश्शाचा नान-खलिया, हिमरूच्या शाली, सगळं ते दाखवत आणि खाऊ घालत. फक्त एक गोष्ट राखून ठेवत. पाहुण्याला तिच्या दारापर्यंत नेत, दारातून मागे फिरवत आणि म्हणत, "हे आता पुढच्या वेळी."

बरं, ठेवायची ती गोष्टही ऐरीगैरी नसे. पाहुण्याचा जीव कशात अडकलाय हे मामा पहिल्या चहाच्या कपात हेरत आणि नेमकी तीच ठेवत. मी स्वतः या सापळ्यात सापडलेला माणूस आहे. त्या काळी चिकलठाण्याला भराभर कारखाने उभे राहत होते आणि मी साताऱ्याकडून एका कारखान्यात मुलाखतीला आलो होतो. "जातोच आहेस तर मुलगीही बघून ये," असं आईनं बजावलं होतं. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पोहे संपेपर्यंत उरकला. बाकीचा वेळ मामांचा. मला लहानपणापासून किल्ल्यांचं वेड, आणि ते मी चहा पिताना बोलून बसलो. मामांनी वेरूळ दाखवलं, खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घडवलं, येताना दौलताबादला उतरवून किल्ल्याच्या दरवाजासमोर पोटभर सीताफळं खायला घातली, आणि मी तिकिटाच्या खिडकीकडे वळलो तसा दंड धरून मला परत गाडीत बसवलं. "पाव्हणं, किल्ला काय पळून जातोय का? ह्यो पुढच्या वेळी." मी फार चिडलो होतो. पण घरी पोचल्यावर मुलगी पसंत असल्याचं कळवून टाकलं, आणि नोकरीही इथंच धरली. "तुम्ही हो म्हणालात ते मला का किल्ल्याला?" असं बायको अजून विचारते. मी अजून विचार करतोय असं सांगतो.

माझे थोरले बंधू आणि वहिनी केवळ अजिंठ्यासाठी आले होते. मामा त्यांना घेऊन निघाले, सिल्लोडला एस.टी. थांबली, सगळ्यांनी खाली उतरून गरम भजी खाल्ली, आणि मामांनी समोर उभ्या असलेल्या औरंगाबादच्या गाडीत पिशव्या ठेवल्या. वहिनी सिल्लोडपासून घरापर्यंत खिडकीकडे तोंड फिरवून बसल्या. पुढं मात्र दर सुट्टीत त्या स्वतःहून बॅग भरू लागल्या. आमच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका गोऱ्या तंत्रज्ञाला मामांनी मकबरा नुसता रिक्षातून दाखवला होता. यंत्र उत्तम चालत असतानाही तो वर्षभरात ते तपासायला म्हणून हजर झाला.

हा नियम मामांनी आणला कुठून, तर मेंढरांकडून. मामा मूळचे देवगाव रंगारीचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. मामा शहरात आले, कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले, नट-बोल्ट देऊ-घेऊ लागले, पण मन मेंढपाळाचंच राहिलं. एकदा मी खनपटीलाच बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं, "कुरण कधी पुरतं चरू द्यायचं नाय. कोपऱ्यातलं जरा गवत ठेवायचं. मेंढरू रातभर त्याच गवताचा इचार करतंय. सकाळी हाकलावं लागत नाय, आपल्या पायानं जातंय तिकडं."

"म्हणजे आम्ही मेंढरं?" मी विचारलं.

"छ्या! मेंढरू इतकं बोलत नाय," मामा म्हणाले.

दुसरीही एक सवय त्याच शाळेतली. मामा पाहुण्यांच्या पुढं चालत, चालताना अखंड माहिती सांगत आणि कधीही मागं वळून बघत नसत. पुढच्यानं मागं बघितलं की मागचे थांबतात, असं त्यांचं म्हणणं. मकबऱ्यात एकदा आमची मंडळी पाणी प्यायला थांबली, आणि मामा मात्र अख्ख्या मकबऱ्याचा इतिहास मागून येणाऱ्या भलत्याच कुटुंबाला सांगून मोकळे झाले. बाहेर आल्यावर त्यांनी त्या कुटुंबाला इमरतीही खाऊ घातली. माणशी एकच. इमरती दुसरी मागायची नाही, हा पोटनियम होता. पाहुण्यानं काय खायचं हेसुद्धा मामाच ठरवत. "तुमाला भूक कशाची लागलीय ते मला ठावं हाय," असं म्हणून ते भाव लिहिलेल्या पाटीकडे पाठ करून बसत.

इतक्या लोकांना परत आणणाऱ्या मामांचा स्वतःचा मुलगा मात्र पुण्याला गेला तो गेलाच. ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाला नवं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघत, विरोधात बंद होत, परीक्षा पुढं ढकलल्या जात. खेड्यापाड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या येत. मामा नामांतराच्या बाजूचे. एका लग्नाच्या पंगतीत कुणा नातेवाइकानं त्यावरून टोमणा मारला, तेव्हा मामा पानावरून उठले. "नाव दिल्यानं तुझं काय कमी होतंय? ज्याचं घर जळालं त्याचं कमी झालंय," एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून चालू लागले. यजमान मागं धावले, पण मामा "पुढच्या वेळी" म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून तो शब्द न ऐकलेलं मला माहीत असलेलं ते एकमेव घर.

तर परीक्षांचा घोळ संपेना म्हणून मामांनीच मुलाला पुण्याला शिकायला धाडलं. तो तिथंच नोकरीला लागला आणि पुण्याचीच मुलगी करून मोकळा झाला. दरम्यान मामी वारल्या होत्या. मामा संध्याकाळी कामावरून येत, स्वतःपुरत्या दोन भाकरी थापत आणि आमच्याकडे येऊन विचारत, "कोन पाव्हणं येनार हाय का?" कुणी येणार नसलं की चेहरा पडत असे. बोलून दाखवत नसत, पण मुलानं परत यावं ही एकच आस त्यांना उरली होती, आणि ती आम्हां सगळ्यांना दिसत होती.

अशात वाळूजला नवे कारखाने आले आणि एका कारखान्यातून मुलाला बोलावणं आलं. मुलगा म्हणाला, "तिला गाव आवडलं तर येतो." सुनेनं लग्नानंतर देवगावच्या देवाचं दर्शन तेवढं घेतलं होतं, शहर पाहिलं नव्हतं. दोघं शनिवार-रविवार येणार असं ठरलं. मामांनी माडीवरच्या खोलीला चुना लावून घेतला आणि आमच्याकडे येऊन जाहीर केलं, "या टायमाला काय बी ठेवायचं नाय. समदं दाखवायचं."

बायकोनं विचारलं, "मामा, अन्‌ कुरणाचं?"

"कुरण राखायचं ते परत येणाऱ्यासाठी," मामा म्हणाले. "हिला तर इथंच ऱ्हायचंय."

शनिवारी त्यांनी सुनेला वेरूळचं प्रत्येक लेणं दाखवलं. दौलताबादला अगदी वरच्या तोफेपर्यंत चढवलं. मीही बरोबर होतो. लग्नाला इतकी वर्षं होऊन तो किल्ला मी त्या दिवशी सुनेच्या पुण्याईनं पाहिला. संध्याकाळी मकबरा. गुलमंडीवर भजी. इमरती तर दोन-दोन, आणि वर तिसरीचा आग्रह. सून शांत, कमी बोलणारी. ती सगळं बघत होती, खात होती, हसत होती. मामा मला बाजूला घेऊन विचारत, "काय वाटतं? आवडलं का तिला?" मी म्हणायचो, आवडलं. "मग बोलत कामून नाय?" मुलाचे तर चढून चढून पाय सुजले आणि दुसऱ्या दिवशी आपण घरीच बसणार असं त्यानं सांगून टाकलं.

रात्री जेवताना कळलं की रविवारी बंद आहे.

सकाळी रस्ते ओस होते. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रिक्षा नाहीत, चौकाचौकांत पोलीस. कुणीही शहाणा माणूस घरी बसला असता. मामा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. पुढं मामा, मागं सून, बायको आणि मी अशी आमची वरात पायीच निघाली. सून कधी नव्हे ती बायकोला एकामागून एक प्रश्न विचारत होती, आणि बायको तिला मामांच्या कुरणाची, माझ्या किल्ल्याची, वहिनींच्या सिल्लोडची कहाणी सांगत होती. ती हसून हसून मधेच थांबायची. मामा वळून बघत नसल्यामुळं त्यांना यातलं काही कळलं नाही.

शहागंजच्या गल्लीत खलियावाल्याचं हॉटेल बंद. मामांनी फळी वाजवली. आतून आवाज आला, "मामू, आज सब बंद है, मालूम नै क्या?"

"मालूम है. लेकिन बहू आयी है पुने से."

"अरे, तो पैले बोलना था! पिच्छू से आओ."

मागच्या अंगणात बसून आम्ही नान-खलिया खाल्ला. सुनेनं रस्सा मागून घेतला तेव्हा मामांनी माझ्या मांडीवर जोरात थाप मारली. पुढं एका हिमरूवाल्यानंही मागचं दार उघडून तिला हातमाग चालवून दाखवला. एका चौकात मात्र काही तरुणांनी आम्हाला अडवलं. "मामा, आज कुठं निघालात?"

"सुनंला पाणचक्की दाखवायला."

"आजच?"

"रातच्याला जाती ती. मंग कवा दाखवू?"

त्यांच्यात जरा कुजबुज झाली. मग एकजण म्हणाला, "लवकर दाखवा अन्‌ घरी जावा. दिवस बरा नाय."

पाणचक्कीच्या रखवालदारानं ओळखीवर दार किलकिलं केलं. मामा आत शिरले, मी त्यांच्या मागं. सून बायकोला म्हणाली, "माझी चप्पल तुटली वाटतं, तुम्ही व्हा पुढं." पण बायकोही तिच्याबरोबर बाहेरच्या कट्ट्यावर बसली. आत मामांचं सुरू झालं होतं: डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी कसं आणलं, ते कसं वर चढवलं, त्यावर जातं कसं फिरायचं. मधून मधून ते विचारत, "दिसलं का गं?" आणि मी म्हणे, "हो." वरून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज इतका होता की कोण बोललं ते त्यांना कळलं नसावं. त्यांना त्या वेळी फार आनंद झाला होता, आणि तो मोडण्याची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी गाड्या सुरू झाल्या. स्टँडवर मुलगा तिकीट काढायला गेला आणि सून मामांसमोर उभी राहिली. "मामा, गाव फार आवडलं," ती म्हणाली. "खरंच आवडलं. पण आई तिकडे एकटी आहे, माझ्याशिवाय तिला कुणी नाही. आम्हाला इकडे येणं जमणार नाही."

मामा म्हणाले, "व्हय. आई हाय. खरं हाय." त्यात लटकं काही नव्हतं, आईला टाकून ये असं म्हणणारा तो माणूसच नव्हता. ती गाडीत बसल्यावर मात्र ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "जावई, समदं दाखवून बसलो की. काय बी ठेवलं नाय." त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

गाडी सुरू झाली तशी खिडकीतून हाक आली. "मामा! मी पाणचक्की नाही पाहिली."

"आं? दाखवली की मी!"

"तुम्ही पुढं होतात. मी बाहेर बसले होते."

"चप्पल तुटली होती तिची," मी सांगितलं.

"चप्पल धड आहे," सून म्हणाली. "पाणचक्की पुढच्या वेळी!"

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मामा तिथंच उभे होते. घरी जाताना बायको आणि मी पुढं होतो, मामा मागं. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. आम्हीही मागं वळून पाहिलं नाही.

वाळूजची नोकरी हुकली ती हुकलीच. मुलगा-सून इथं राहायला कधी आले नाहीत. पण दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात सून येत राहिली. दर वेळी मामा तिला पाणचक्कीच्या दारापर्यंत नेत. दोघं बाहेरच्या कट्ट्यावर बसत, आतल्या पाण्याचा आवाज ऐकत, तिच्या आईच्या तब्येतीचं बोलत आणि उठून घरी येत. पुढं मामांना चालवेना, तेव्हा ती त्यांना रिक्षानं नेई. मामा नव्वदी गाठून गेले. त्यांचा शेवटचा पाहुणाही तीच होती.

मामांच्या वर्षश्राद्धाला ती आली तेव्हा स्टँडच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर असं नाव होतं आणि तिचे केस पांढरे झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पाणचक्कीवर गेलो. मी तिकिटाच्या खिडकीकडे निघालो. म्हटलं, "चला, आता तरी आत जाऊन बघा."

ती कट्ट्यावर बसली होती. "नको भाऊजी," ती म्हणाली. "ती राहू द्या. मला अजून यायचंय इथं."

मग आम्ही इमरती खायला गेलो. माणशी एकच खाल्ली.