खड्ड्यातला नळ

फोन आला तेव्हा मी खड्ड्यात होते. आमच्या दारातल्या नळाच्या खड्ड्यात. मोबाइल वर ओट्यावर ठेवलेला, आणि मी खाली वाकून बादलीत पाइप धरलेला. गावाचं नाव लिहीत नाही, लाज वाटते. परतूरपासून अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरे. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही तासभर. नळ जितका खाली, तितकी धार मोठी, म्हणून प्रत्येकानं दारात खड्डा खणून नळ जमिनीच्या पोटात नेलाय. तळाशी कायम गुडघ्याएवढं पाणी साचलेलं. भांड्यांचं, आंघोळीचं, पावसाचं, आणि बाजूच्या गटारातून झिरपलेलं. त्यात पाय बुडवून वाकायचं आणि वर प्यायचं पाणी भरायचं. त्या दिवशी जालन्याहून आमच्या ह्यांचा फोन आला. हात पुसून उचलला. "उत्तम गेला," एवढंच म्हणाले. आणि मी… बादली अर्धीच झाली होती. ती पूर्ण भरू दिली, मग वर आले. दीड महिना झाला, त्या बादलीची मला अजून किळस वाटते. बादलीची कसली, माझीच.

उत्तमभाऊजी माझे धाकटे दीर. वय चोपन्न. नळफिटिंगचं काम करायचे, आजूबाजूच्या पाच-सहा गावांत त्यांचा हात प्रसिद्ध होता. त्यांचं लिव्हर गेलं, आणि लिव्हर गेलं म्हटल्यावर गल्लीनं ठरवून टाकलं, माणूस पीत असणार. फिटर माणूस, दिवसभर बाहेर, कोण बघतंय? आज दुधाच्या डेअरीवर, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर हेच चाललंय. ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, त्याला मेल्यावर दारुडा करून टाकलं. ते खोटं आहे, हे सांगायला मी बसले आहे. पण तेवढं सांगून माझी सुटका नाही. पुढचंही सांगावं लागेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. अभ्यासात डोकं कधी चाललं नाही, पण घरातला गळका नळ त्यांना बघवायचा नाही. सुतळी, रंग, जुनं रबर, जे हाताशी येईल ते घेऊन बसायचे. पुढं जालन्यात एका फिटरच्या हाताखाली शिकले आणि गावात येऊन स्वतःचं काम सुरू केलं. बोलणं कमी. चिडले तरी आवाज चढायचा नाही. मी मात्र पहिल्यापासून तोंडाळ, त्यांना हाताशी धरून माझी सगळी कामं करून घ्यायचे. गल्लीतला पहिला खड्डा त्यांनी खणला, तो माझ्याच दारात, माझ्याच हट्टापायी. त्या उन्हाळ्यात पाण्याला जोर नव्हता. मी म्हटलं, "भाऊजी, नळ दोन हात खाली घ्या." त्यांनी आधी बाजूच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "वैनी, तुमचा खाली घेतला की बाजूचीचं पानी तुटंल. मंग ती मला सोडनार न्हाई. तिचा घेतला की तिच्या बाजूची." मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय, धंदाच होईल की." झालं तसंच. महिनाभरात शेजारच्या कमलबाईंचा नळ माझ्यापेक्षा खाली गेला. मी माझा आणखी खाली नेला. बघता बघता सगळी गल्ली खणून झाली. पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळ्या खड्ड्यात. तोट्यासुद्धा काढून टाकल्या, कारण तोटीनं धार अडते. उघडे पाइप त्या घाणीत तोंड वासून पडलेले, आणि त्यांना वरून मोटारी लावलेल्या.

तीन वर्षांपूर्वी गल्लीत एका जागी पाणी उकळल्यासारखं वर यायला लागलं. भाऊजींनी गटाराच्या कडेनं खोदलं. जुना लोखंडी पाइप चक्क गटाराच्या खालून गेलेला आणि गंजून त्याची चाळण झालेली. त्यांनी तो तुकडा कापून काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरोघर दाखवत फिरले. मी पाहिलाय तो. आतली पोकळी बोटभर उरलेली, बाकी गंजाचे गोळे, त्यात केसांचा गुंता, काळा बुळबुळीत थर, आणि त्या थरात लालसर दोऱ्यासारखे किडे वळवळत होते. शी! "हे बगा, ह्याच्यातलं पिऊन राह्यलो आपन," एवढंच ते प्रत्येकाला म्हणायचे. कमलबाईंनी पदर नाकाला लावला. "उत्तमराव, ते दारात नका आणू, माझी पूजा व्हायची आहे अजून." पूजेचं पाणी त्याच पाइपातून आलेलं, पण ते देवाला चालत होतं!

पाइपाचा तेवढा तुकडा बदलला, पण भाऊजींच्या डोक्यातून ते जाईना. एक दिवस पाणी जायच्या वेळी आले आणि म्हणाले, "वैनी, घरात नीळ हाय का? कपड्याची." मी बाटली दिली. त्यांनी ती सगळी माझ्या खड्ड्यात ओतली. खड्डा निळाशार झाला. इकडे नळाची धार बारीक झाली, थांबली, आणि मग पाइपानं गुळगुळ आवाज करत ते निळं पाणी उलटं आत ओढायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांदेखत खड्डा वीतभर उतरला. "वरून पानी बंद झालं की लाइन रिकामी होती, मंग ती जिथं मिळंल तिथून ओढती," ते म्हणाले. पुढच्या पाळीला कमलबाईंच्या पहिल्या तांब्यात निळं पाणी आलं. माझ्या खड्ड्यात आम्ही भांडी विसळतो, पाय धुतो, नातवंडांची दुपटी खळबळतो. ते सगळं कमलबाई पीत होत्या, आणि त्यांच्या खड्ड्यातलं मी.

तुम्हाला वाटेल, आता तरी खड्डे बुजले असतील. छे! कमलबाई माझ्या दारात येऊन भांडल्या, तुमचा खड्डा बुजवा म्हणून. मी म्हटलं, आधी तुमचा. मारुतीच्या ओट्यावर गल्लीची बैठक झाली. भाऊजी उभे राहून बोलले, आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलले असतील. नवी लाइन गटारापासून लांब, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं घ्यायची, खड्डे एकाच दिवशी बुजवायचे, सगळ्यांचे नळ एका उंचीवर आणायचे. "खोदाई-जोडनी माझी, मजुरी घेनार न्हाई. पन बराबर एकाच दिवशी करायचं. एकानं बी मागं ठेवला तर बाकीच्यायचं पानी तो ओढून घेनार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तारीख ठरवायची वेळ आली आणि एकेकाचं सुरू झालं. कुणाकडे लग्न, कुणाकडे बाळंतीण. मी, त्यांची सख्खी भावजय, काय म्हणाले? "आमचा शेवटी घ्या, पाहुणे यायचेत." पाहुणे कुणी येणार नव्हते. भाऊजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा खड्डा बुजवला. एकट्यानं. नळ वर घेतला, तोटी लावली. म्हणाले, कुणीतरी सुरू करायला पाहिजे. आता भोवताली सगळे नळ पाताळात आणि त्यांचा एकट्याचा वर, कुठून पाणी येणार? करंगळीएवढी धार. वापरण्यापुरतं कसंबसं निघायचं. मग त्यांची बायको, माझी जाऊ कुसुम, प्यायच्या पाण्यासाठी दोन घागरी घेऊन माझ्याकडे यायला लागली. माझ्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, भाऊजींनीच बसवलेलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "घागरी ठेवून जात जा. मशीनचं भरून ठेवीन."

पहिले आठ-दहा दिवस भरलं. पण ते मशीन हळू चालतं, घागर भरायला तास जातो, आणि निम्मं पाणी वाया जातं. मला कंटाळा आला. एके दिवशी घाईत मी घागर खड्ड्यातून भरलेल्या पिंपातच बुडवली, वर फडकं बांधलं, तुळशीचं पान टाकलं. दिसायला काय फरक? कुसुम आली, घेऊन गेली. कुणाला काही झालं नाही. मग ती सवयच झाली. आम्ही घरात मशीनचं पीत होतो आणि भाऊजींच्या घागरी खड्ड्यातल्या पाण्यानं भरत होतो. वर्ष-दीड वर्ष.

यंदा श्रावणात त्यांचे डोळे पिवळे झाले. आधी टेंभुर्णीकडच्या एका वैदूचा पाला घेतला, आमच्याकडे काविळीला तेच करतात. त्यात दिवस गेले. पोट फुगलं तेव्हा जालन्याला नेलं. मी भेटायला गेले त्या दिवशी डॉक्टर राउंडला आलेले. दारू? कधीच नाही. बाहेरचं खाणं? नाही. डॉक्टर म्हणाले, "मग पाणी कुठलं पिता? हे पाण्यातूनच आलेलं दिसतंय." भाऊजींनी उशीवरून मान वळवून माझ्याकडे बोट केलं. "साहेब, पानी बिलकुल चोख हाय. आमच्या वैनीच्या मशीनचं पितो आमी." आणि माझ्याकडे बघून हसले. पिवळ्या डोळ्यांनी. मी पायथ्याशी उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली… हो म्हणून. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला बायका जेवून बसल्या होत्या. कमलबाईंनी हळूच विचारलं, "लिव्हर गेलं म्हणे. घेत होते का हो?" सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही. पण दारू नाही म्हटलं तर मग काय, असं कुणीतरी विचारलं असतं. पाणी म्हटलं असतं तर, कुणाच्या घरचं? मी म्हटलं, "आता बाहेर फिरणाऱ्या माणसाचं काय सांगावं, बाई." झालं. त्या एका वाक्यावर गल्लीनं हात धुतले. खड्डे सुटले, पाइप सुटले, मी सुटले. आणि आत चुलीपाशी कुसुम बसलेली होती, हे उठताना माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर कुसुम घागरी घेऊन आली नाही. तीन आठवडे मी वाट पाहिली आणि मग मीच गेले. पाण्याची पाळी होती. गल्लीभर मोटारींचा आवाज, बायका खड्ड्यात, आणि कुसुम आपल्या अंगणात उभी. नुसती उभी राहून पाणी भरत होती. नळ तिच्या कमरेच्या उंचीला, खाली घागर बरोबर बसेल असा भाऊजींनी बांधलेला छोटा कट्टा, जोडाला एक थेंब गळत नव्हता. धार दोऱ्याएवढी. मी तिथं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मशीनचं, खड्ड्याचं, तुळशीच्या पानाचं. ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. तिनं घागर भरू दिली. मग म्हणाली, "अक्का, तुमी पेपरात लिवता ना सणावाराचं? मंग हे लिवा. दारूचं सगळ्यायनं ऐकलं. हे बी ऐकू द्या."

"लिहिते," मी म्हटलं.

"तुमच्या नावानं लिवा," ती म्हणाली, आणि दुसरी घागर नळाखाली लावली.

उत्तमभाऊजी दारू पीत नव्हते. माझ्या दारातल्या खड्ड्यातलं पाणी पीत होते, मशीनचं समजून, आणि ते मी माझ्या हातानं भरून दिलेलं होतं. खाली माझं नाव छापलेलं आहे.