धुराचे दिवस, मावशीचं घर

आम्हा दोघी बहिणींत नशीब माझं थोर, असं माहेरी सगळे म्हणायचे. मला सासरी दौंडकडची भीमाकाठची बागायत मिळाली, बारमाही पाणी, दारापर्यंत ऊस. धाकटीला मिळाला पाबळकडचा कोरडा माळ. उन्हाळ्यात तिच्या दारी टँकर यायचा आणि हंडे भरून दमलेली ती मला फोनवर म्हणायची, "आक्का, तुझं बरं हाय बाई." ते ऐकायला मला फार गोड वाटायचं. लपवू कशाला?

मग माझ्या लेकीची छाती वाजायला लागली.

दिवाळी झाली की आमच्याकडे ऊसतोड सुरू होते. ऊस गेला की मागे राहिलेलं वाळकं पाचट पेटवून रान मोकळं करायचं, ही जुनी रीत. शिवाय गुऱ्हाळांची धुराडी आहेतच. थंडीत वारा पडतो आणि हा सगळा धूर नदीकाठच्या खोलगट भागात बसून राहतो, ऊन चढेपर्यंत हलत नाही. दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काळी राख पडते. लेक चार वर्षांची होती त्या हिवाळ्यात तिला रोज वाफेचं मशीन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "शिमग्यापर्यंत हिला धुरापासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठे? धाकटीकडेच. तिला दोन्ही मुलगेच, तिनं पोरीला हात पसरून नेलं.

शिमग्याला लेक परत आली ती गालांवर मांस चढवून. आल्या आल्या म्हणाली, "मावशी अशी वेणी न्हाई घालत." जेवताना म्हणाली, "मावशीची भाकरी पातळ असती." मी मनात म्हटलं, मावशीला म्हणावं इथं ये, धुरात डोळे चोळत पातळ भाकरी थापून दाखव. शेजारणी हसायच्या, "माय मरो पण मावशी जगो, खोटं हाय व्हय?" प्रेमानंच म्हणायच्या, पण मला ती म्हण विषासारखी लागायची.

यंदाही दिवाळीनंतर तिला तिकडे सोडलं. थोड्याच दिवसांत धाकटीचा फोन आला. "आक्का, जूनला पहिलीत घालायचीय न्हवं? हितंच नाव घालू. दर साली पोरीची ओढाताण कशाला?"

तिनं चांगल्या मनानंच विचारलं होतं. माझा मात्र नुसता जळफळाट झाला. आज शाळेत नाव घालील, उद्या पोरगी तिलाच आई म्हणेल! भेटायला गेले तर तिच्या दोरीवरचे पांढरेशुभ्र कपडेसुद्धा मला बघवेनात.

मग मी घरधन्याच्या मागे लागले. यंदा आपलं पाचट जाळायचं नाही, ट्रॅक्टरनं कुट्टी करून रानातच पसरायचं. ते म्हणाले, "आपुन एकट्यानं न जाळून काय व्हणार हाय?" मी म्हटलं, "व्हईल." आणि संक्रांतीला लेकीला घरी घेऊन आले. निघताना धाकटीचे डोळे भरले. मला बरं वाटलं.

पोर आली, हसली, खेळली. खोकली नाही. मी लगेच धाकटीला फोन केला, "बघ, हितंबी बरी हाय." त्याच आठवड्यात एका संध्याकाळी शेजारच्या रानात पाचट पेटलं, मग त्याच्या पलीकडच्यात. अंधार पडायच्या आत समोरचा रस्ता दिसेना. मी दारं-खिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली. तरीही पोर खोकली नाही. माझी आपली एकच खुशी, जिंकले मी.

जेवायला हाक मारली तर ती दिसेना. शोधलं तेव्हा ज्वारीच्या कणगीमागे सापडली. गोधडीचा बोळा तोंडात धरून खोकत होती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. डोळे पाण्यानं भरलेले, ओठ काळेनिळे पडत चाललेले. मला बघून तिनं गोधडी पाठीमागे लपवली.

"आई, म्या न्हाई खोकत. मला न्हाई जायाचं."

हिवाळाभर मला हेच ऐकायचं होतं. मावशी नको, तूच हवी, असं तिच्या तोंडून. ऐकलं ते शिट्टी वाजणाऱ्या छातीतून.

तिला वाफ दिली, रात्र कशीबशी काढली आणि उजाडताच मोटरसायकलवर बसलो. घरधनी पुढे, पोर मध्ये, मी मागे. शिक्रापूर मागे पडलं, पाबळचा रस्ता लागला आणि आभाळ निळं दिसायला लागलं. दुपारपर्यंत ती धाकटीच्या अंगणात शेळीच्या करडामागे पळत होती. मी कान देऊन ऐकत होते. तिचा श्वास ऐकू येत नव्हता.

धाकटी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "हितंच नाव घाल तिचं." आणि मग राहवलंच नाही. "तुझं बरं हाय बाई."

तिला ते गोड वाटलं नाही. माझ्याआधी तीच रडली.